वर कोमट, खाली गार

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. निमित्त नातीचे. पुण्याहून सुट्टीला आली आहे, यंदा सातवी झाली. पाण्यातली मासोळीच म्हणा ना, रोज तासभर तलावात पोहते. परवा पैठणला नाथांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि येताना धरणाच्या बाजूने आलो. एवढे पाणी पाहून बाईसाहेबांचा प्रश्न, "आबा, मी पोहू?"

"मुळीच नाही."

"का?"

"मनाई आहे."

"पण मनाई का आहे?"

पस्तीस वर्षे मुलांना शिकवले, पण यावर मी गप्प बसलो. गाडीत बसल्यावर वाटले, काठावरची ती 'पाण्यात उतरू नये' ही पाटी आणि मी, आमच्यात काय फरक राहिला?

पाटी चूक नाही हो. धरण आहे, शिवाय १९८६ पासून तिथे पक्षी अभयारण्य आहे. तिथे पोहू नये हे माझेही मत. पण पाटी 'नको' म्हणते, 'का' ते सांगत नाही. आणि मुलगा एकदा त्या पाटीच्या पलीकडे गेला, की त्याला सांगणारे कोणीच नसते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात बुडून ३५ हजारांहून अधिक माणसे गेली. सरकारी नोंद आहे.

आमची पिढी पोहायला शिकली ती विहिरीत. माझे आजोळ गोदाकाठचे. मामा कंबरेला डबा बांधून विहिरीत ढकलून द्यायचे, आणि दोनचार गटांगळ्या खाल्ल्या की हातपाय आपोआप चालायला लागत. पोहणे आले की मग नदीचा डोह. तिथे मामांचा पहिला धडा असा, "पाय खाली सोड. काय लागतं?" वर कोमट आणि गुडघ्याखाली गार! "ते गार जिथं लागतं ना, तिथं उगाच मस्ती करायची नाही," असे ते म्हणत. मामा चौथी पास. पुढे धरण झाले, १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. त्यातच ते आजोळ, ती विहीर आणि तो डोह. असो.

आता जे सांगायचे ते आजवर घरीसुद्धा फारसे बोललो नाही.

१९८७ चा मे महिना. मी तेव्हा पैठण तालुक्यातल्या एका गावी शिकवत होतो. नववीतला एक मुलगा, पट्टीचा पोहणारा. विहिरीच्या काठावरून सूर मारायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा. सुट्टीत चौघे मित्र नाथसागराच्या फुगवट्यावर गेले. पाणी बरेच उतरलेले, काठाला चिखल. तिघे काठाशीच राहिले, हा पुढे गेला, जुन्या नदीपात्राच्या बाजूला. संध्याकाळी त्यातला एकजण मला रडत सांगत होता, "सर, त्यो वर आला अन् म्हणला, खाली लई गार हाय रे. अन् परत बुडी मारली."

पायात गोळा आला की गाळात पाय रुतला, कोणाला ठाऊक? गावाने मात्र लगेच म्हण काढली, पट्टीचा पोहणाराच बुडतो. मला ही म्हण तेव्हापासून आवडत नाही. सगळा दोष नशिबावर ढकलून ती मोकळी होते.

त्याच वर्षी मी त्या वर्गाकडून पाण्याचे समानार्थी शब्द घोकून घेतले होते. जल, नीर, उदक, तोय, सलिल. त्या मुलाला सगळे पाठ होते. मामांनी मला सांगितलेली एक गोष्ट मात्र मी वर्गात कधीच सांगितली नव्हती.

ती नीट समजून घ्यायला मला निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ लागला. विहिरीचे पाणी जमिनीखालचे, त्यामुळे त्याचे तापमान वर्षभर जवळपास सारखे असते. पौषात ते अंगाला ऊबदार लागते आणि वैशाखात गार. पाणी बदलत नाही, बदलते ती बाहेरची हवा. जलाशयाचे तसे नाही. वैशाखात वरचा थर तापतो, तापलेले पाणी हलके म्हणून वरच तरंगते, आणि गार, जड पाणी खाली बसते. नाथसागर फार पसरट आहे. पूर्ण भरला तर सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर पाणी आणि ३५० चौरस किलोमीटर पसारा. भागाकार करा, सरासरी खोली जेमतेम आठ मीटर! वारा सुटला की एवढ्या उथळ पाण्यातले थर मिसळतात. पण वारा पडलेल्या दुपारी, जुन्या पात्राच्या खोलगट जागी, ते पुन्हा होतात. आणि सरासरी आठ मीटर म्हणजे सगळीकडे आठ मीटर नव्हे. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पाऊल थेट जुन्या पात्रात पडते.

थंडीत वेगळीच गंमत. रात्री काठाचे उथळ पाणी आधी गार होते, त्यामुळे पहाटे काठच बोचतो. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे दहा मिनिटांत दमणारे हात आपलेच आहेत यावर विश्वास बसत नाही. पावसाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. इथे ऊन पडलेले असते, पाऊस नाशिककडे पडतो, आणि गढूळ पाणी आपल्याकडे चढते. तळ दिसत नाही.

नातीच्या तलावात यातले काहीही नाही. स्पर्धेच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश ठेवतात. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसुद्धा १६ अंशांखाली किंवा ३१ अंशांवर घेत नाहीत. जगातल्या निष्णात पोहणाऱ्यांसाठी थर्मामीटर, आणि आमच्या पोरांसाठी पाटी!

माझे म्हणणे एवढेच, की पोहणे आणि पाणी ओळखणे हे शाळेत शिकवावे. पैसा नाही, तलाव नाही, हे मला सांगू नका. बांगलादेशात खेड्यातल्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून, तेवढ्याच आखलेल्या जागेत हजारो मुलांना पोहायला शिकवले. जागतिक आरोग्य संघटनाही सहा वर्षांपुढच्या मुलांना हे शिकवा म्हणते. आपल्याकडे विहिरी आहेत, बांबू आहेत, आणि डबा बांधून ढकलणारे मामा अजून पुरते संपलेले नाहीत. आम्ही शाळेत पूरपरिस्थितीवर निबंध लिहून घेतो आणि पोरगा पुरात पडला तर काय करायचे ते सांगत नाही. अभ्यासक्रमात जागा नाही म्हणे. समानार्थी शब्दांचा एक तास कमी करा, मराठीचा मास्तर म्हणून मी परवानगी देतो.

येत्या रविवारी भाच्याच्या मळ्यात जाणार आहे, नातीला घेऊन. त्याच्या विहिरीला पायऱ्या आहेत, पाणी मे महिन्यातही टिकून असते. जाड दोर आणि तेलाचा रिकामा डबा काढून ठेवला आहे, भाचा आणि त्याचा गडी दोघे पाण्यात असतील. पोहायचे नाही, आधी नुसते उभे राहून पाय खाली सोडायचे आणि काय लागते ते मला सांगायचे. नात तयार आहे. सूनबाईंना अजून सांगितलेले नाही. हे वाचून कळेलच.