विश्लेषण : उमेदवार नेमका कोण ठरवतो? अमेरिकेतील ‘प्रायमरी’ आणि वर्ध्यात फसलेला प्रयोग

अमेरिकेत ३ नोव्हेंबर २०२६ रोजी मध्यावधी निवडणूक होत आहे. तिथल्या संसदेच्या, म्हणजे ‘काँग्रेस’च्या, प्रतिनिधीगृहातील सर्व ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा यात भरल्या जातील. मात्र अनेक मतदारसंघांत खरी लढत नोव्हेंबरच्या आधीच होते. ती पक्षाच्या आत होते आणि तिला ‘प्रायमरी’ म्हणतात. एका पक्षाचे अनेक इच्छुक परस्परांविरुद्ध उभे राहतात आणि तिकीट कुणाला द्यायचे हे मतदार ठरवतात.

असाच प्रयोग भारतातही झाला होता आणि तो नागपूरच्या शेजारीच, वर्ध्यात झाला होता. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने तिथला उमेदवार मतपेटीतून निवडला. या प्रयोगाचे पुढे काय झाले आणि अमेरिकेत रुजलेली पद्धत इथे का रुजली नाही, याचा हा आढावा.

प्रायमरी म्हणजे काय?

पक्षाचा अधिकृत उमेदवार ठरवण्यासाठी घेतलेली निवडणूक म्हणजे प्रायमरी. ती पक्ष कार्यालयात होत नाही. बहुतेक राज्यांत ती सरकारी यंत्रणाच घेते. मतदान केंद्रे, मतपत्रिका, मतमोजणी आणि निकाल हे सारे कायद्याने बांधलेले असते.

मत कुणाला देता येते, याचे नियम राज्यागणिक बदलतात. काही राज्यांत त्या पक्षाचे समर्थक म्हणून नोंद असलेल्या मतदारांनाच मतदान करता येते. मिशिगनसारख्या राज्यात अशी नोंद लागत नाही. मतदाराने मतपत्रिकेवरील कोणत्याही एका पक्षाचा रकाना निवडायचा आणि त्यातच मत द्यायचे. कॅलिफोर्नियात तर सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या लढतीत जातात.

उभे राहण्याचे नियमही ठरलेले असतात. मिशिगनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या उमेदवाराला मतदारांच्या किमान १ हजार वैध सह्या द्याव्या लागतात. सह्या पुरेशा असतील तर पक्षाध्यक्षाला तो इच्छुक नकोसा असला तरी मतपत्रिकेवर त्याचे नाव येते. सह्या कमी पडल्या तर मोठ्या नेत्याचा पाठिंबाही कामी येत नाही.

ही पद्धत का आली?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही उमेदवार बंद दाराआडच ठरत. शहरांवर पक्षांच्या ‘बॉस’ मंडळींची पकड होती. या पकडीविरुद्ध चळवळ उभी राहिली. विस्कॉन्सिनने रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये राज्यभर प्रायमरी घेण्याचा कायदा मंजूर केला आणि पुढे इतर राज्यांनी ती वाट धरली.

या पद्धतीचा धक्का आजही प्रस्थापितांना बसतो. २०१४ मध्ये प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकन पक्षाचे बहुमताचे नेते एरिक कँटर यांना डेव्हिड ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने प्रायमरीत हरवले. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्तेझ या २८ वर्षांच्या तरुणीने जो क्राउली या डेमोक्रॅटिक पक्षाच्या बड्या नेत्याचा पराभव केला. आपल्याकडे एवढ्या मोठ्या नेत्याचे तिकीट कापायचे तर ते दिल्लीतूनच कापले जाते. तिथे ते त्याच्या मतदारसंघातील मतदारांनी कापले.

बेळगावचे ठाणेदार डेट्रॉइटचे उमेदवार कसे झाले?

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण श्री ठाणेदार यांचे आहे. बेळगावात वाढलेले ठाणेदार १९७९ मध्ये अमेरिकेत गेले. रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक असलेल्या ठाणेदारांचे ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मचरित्र अनेकांच्या परिचयाचे आहे. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. २०२० मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले.

२०२२ मध्ये त्यांनी मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून संसदेसाठी अर्ज भरला. डेट्रॉइट शहराचा मोठा भाग या मतदारसंघात येतो. डेमोक्रॅटिक पक्षाचा हा बालेकिल्ला असल्याने इथली प्रायमरी जिंकणारा उमेदवार जवळपास संसदेत पोहोचल्यातच जमा असतो. प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांनी प्रचारात स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर घातले आणि सुमारे २८ टक्के मते घेऊन तिकीट जिंकले.

या निकालाला दोन बाजू आहेत. परदेशात जन्मलेला, स्थानिक नेतृत्वाचा लाडका नसलेला माणूस केवळ मतांच्या जोरावर उमेदवार झाला. दुसरीकडे, दहापैकी सात मतदारांनी त्यांना मत दिलेच नव्हते. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या डेट्रॉइटला १९५५ पासून संसदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. ही परंपरा खंडित झाल्याची बोच तिथे आजही आहे.

२०२४ मध्ये ठाणेदारांनी पुन्हा प्रायमरी जिंकली. आधीच्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले अॅडम हॉलियर त्या वेळी वैध सह्या कमी पडल्याने मतपत्रिकेवरूनच बाद झाले. राज्याच्या कनिष्ठ सभागृहातील सदस्य डोनावन मॅककिनी यांनी ठाणेदारांना आव्हान देण्याचे २०२५ मध्येच जाहीर केले. मिशिगनच्या प्रायमरीची तारीख ४ ऑगस्ट २०२६ आहे. खासदार असूनही ठाणेदारांना दर दोन वर्षांनी तिकीट नव्याने जिंकावे लागते, हे यातले महत्त्वाचे.

वर्ध्यात २०१४ मध्ये काय झाले?

जानेवारी २०१४ मध्ये काँग्रेसचे तत्कालीन उपाध्यक्ष राहुल गांधी यांनी देशातील पंधराच्या आसपास लोकसभा मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार निवडण्याची घोषणा केली. महाराष्ट्रात हा प्रयोग वर्धा आणि लातूर या दोन ठिकाणी झाला.

वर्ध्याचे खासदार तेव्हा काँग्रेसचेच दत्ता मेघे होते. प्रायमरीत त्यांचे पुत्र सागर मेघे उतरले. त्यांच्यासमोर चारुलता टोकस होत्या. टोकस या वर्ध्याच्या माजी खासदार आणि माजी राज्यपाल दिवंगत प्रभा राव यांच्या कन्या. घराणेशाहीला पर्याय म्हणून आणलेल्या पद्धतीत मुख्य सामना दोन माजी-आजी खासदारांच्या मुलांमध्येच झाला. सागर मेघे जिंकले आणि काँग्रेसचे उमेदवार झाले.

मे महिन्यात निकाल लागला. भाजपचे रामदास तडस यांनी सागर मेघे यांचा सुमारे २ लाख १५ हजार मतांनी पराभव केला. लातूरमध्येही प्रायमरीतून आलेले दत्तात्रय बनसोडे भाजपच्या सुनील गायकवाड यांच्याकडून हरले. देशात मोदी लाट होती आणि काँग्रेस ४४ जागांवर आली होती. त्यामुळे पराभवाचे खापर प्रायमरीवर फोडता येत नाही.

खरा धडा त्यानंतर मिळाला. काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत समीर मेघे हिंगण्यातून भाजपचे आमदार झाले. वर्ध्यातील ज्या कार्यकर्त्यांनी मतदान करून उमेदवार निवडला, त्यांच्या हाती वर्ष संपण्याआधी ना खासदार राहिला ना उमेदवार.

२०१९ मध्ये काँग्रेसने वर्ध्यातून चारुलता टोकस यांना तिकीट दिले, तेही प्रायमरी न घेता. त्याही तडस यांच्याकडून पराभूत झाल्या. २०२४ मध्ये ही जागा आघाडीच्या वाटपात राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाकडे गेली आणि अमर काळे निवडून आले.

प्रयोग का फसला?

पहिले कारण म्हणजे मतदार कोण होते. वर्धा लोकसभा मतदारसंघात २०१४ मध्ये १५ लाखांच्या घरात मतदार होते. प्रायमरीत मत मात्र पक्षाचे पदाधिकारी, आजी-माजी लोकप्रतिनिधी आणि युवक काँग्रेस, महिला काँग्रेस, एनएसयूआय, सेवा दलासारख्या संघटनांचे प्रतिनिधी यांनाच होते. साध्या मतदाराला त्यात जागा नव्हती. यादी जेवढी लहान, तेवढे त्यातील प्रत्येकाला गाठणे सोपे. ज्याची माणसे आधीपासून पदांवर आहेत, तोच पुढे राहणार हे उघड होते.

दुसरे कारण म्हणजे निकाल पक्षावर बंधनकारक नव्हता. गुजरातमधील बडोद्यात नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले. पण तिथून नरेंद्र मोदी उभे राहणार हे स्पष्ट होताच काँग्रेसने रावत यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री यांना उतरवले. प्रायमरी जिंकून मिळालेले तिकीट वरून एका निर्णयात बदलता येत असेल, तर मतदान करणारा कार्यकर्ता पुढच्या वेळी कशाला येईल?

तिसरे कारण सदस्यांच्या याद्यांचे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदाराचा पक्ष सरकारी नोंदीत असतो. आपल्याकडे पक्षसदस्यांची यादी पक्षच तयार करतो आणि पक्षच तपासतो. मिस्ड कॉल देऊनही सदस्य होता येते. अशा यादीवर निवडणूक घेतली की आधी वाद यादीवरच होतो.

आपल्याकडे उमेदवार कसा ठरतो?

आपल्याकडे तिकीट म्हणजे प्रत्यक्षात दोन कागद, ज्यांना कार्यकर्ते ‘एबी फॉर्म’ म्हणतात. पक्षाच्या वतीने उमेदवार कळवण्याचा अधिकार कुणाला आहे हे ‘ए’ फॉर्ममध्ये असते आणि अधिकृत उमेदवार कोण हे ‘बी’ फॉर्ममध्ये. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत हे कागद निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचले की उमेदवारी पक्की होते. त्यावर सही कुणी आणि कोणत्या निकषावर केली, हे मतदाराला कधी कळत नाही.

रामटेक लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. जात वैधता प्रमाणपत्र रद्द झाल्याने काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचा अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचे नाव दिलेले असल्याने ते अधिकृत उमेदवार झाले आणि जिंकलेही. त्यांच्यासमोर शिवसेनेच्या शिंदे गटाचे राजू पारवे होते. पारवे काही दिवसांपूर्वीपर्यंत काँग्रेसचे आमदार होते. दोन्ही बाजूंचे उमेदवार शेवटच्या टप्प्यात ठरले आणि मतदारापुढे आयती जोडी आली.

तिकीट हुकलेल्यांकडे मग बंडखोरी हाच मार्ग उरतो. रामटेक विधानसभेत २०१९ मध्ये युतीत जागा भाजपकडे गेल्याने शिवसेनेचे आशीष जयस्वाल अपक्ष लढले आणि जिंकले. २०२४ मध्ये तिथेच काँग्रेसचे राजेंद्र मुळक यांनी आघाडीच्या उमेदवाराविरुद्ध अपक्ष अर्ज भरला, पण जयस्वाल यांनी जागा राखली. अमेरिकेत बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहता येत नाही. आपल्याकडे पक्षांतर्गत स्पर्धा तिकिटाआधी होत नाही, म्हणून ती तिकिटानंतर मैदानात होते.

जानेवारी २०२६ मध्ये नागपूरसह राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. नागपुरात १५१ जागा होत्या. नगरसेवक हा मतदाराच्या सर्वांत जवळचा लोकप्रतिनिधी. नळाला पाणी आले नाही तर लोक त्याच्याच घरी जातात. पण त्याचे तिकीट ठरवण्यातही प्रभागातील मतदाराला काही स्थान नसते.

कायदा काय म्हणतो?

पक्षांची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९-अ नुसार होते. पक्षाने उमेदवार कसा निवडावा, यावर हा कायदा गप्प आहे. विधी आयोगाने १९९९ मधील १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करण्याची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

अपवाद एकच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये आदेश दिला की गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला तिकीट दिल्यास पक्षाने त्याची कारणे जाहीर करावीत आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालणार नाही. म्हणजे गुन्हे असलेला उमेदवार का दिला हे सांगावे लागते. स्वच्छ कार्यकर्त्याला का डावलले, हे सांगण्याचे बंधन नाही.

मग प्रायमरी हाच उपाय आहे का?

ती रामबाण नाही. प्रायमरीला मतदान कमी होते. ओकासियो-कोर्तेझ यांच्या गाजलेल्या लढतीत एकूण ३० हजारांपेक्षा कमी मते पडली होती. कमी मतदान झाले की कट्टर समर्थकांचे वजन वाढते. पैसेवाल्या उमेदवाराला दोनदा प्रचार परवडतो, साध्या कार्यकर्त्याला एकदाही जड जातो. उमेदवार जास्त असतील तर पाव मतांवरही तिकीट मिळते, हे डेट्रॉइटमध्ये दिसले.

तरीही वर्धा आणि डेट्रॉइट शेजारी ठेवले की फरक लक्षात येतो. वर्ध्यात मतपेटी होती, पण मतदारांची यादी पक्षाची होती, नियम पक्षाचे होते आणि निकाल फिरवण्याची मुभाही पक्षाकडेच होती. डेट्रॉइटमध्ये या तिन्ही गोष्टी पक्षनेत्यांच्या हातात नाहीत. प्रायमरीची खरी ताकद याच फरकात आहे.

पुढची लोकसभा निवडणूक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. एखाद्या पक्षाला हा प्रयोग पुन्हा करायचा असेल तर तीन गोष्टी आधी कराव्या लागतील. सदस्यांची यादी बाहेरच्या यंत्रणेकडून तपासून घेणे, मताचा अधिकार पदाधिकाऱ्यांपलीकडे नेणे आणि निकाल अंतिम राहील हे लेखी जाहीर करणे. तिन्हींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. पक्षाच्या घटनेत बदल केला तरी पुरे. त्यासाठी नेत्यांना ‘बी’ फॉर्मवरील सहीचा अधिकार सोडावा लागेल, आणि हा अधिकार आपणहून सोडणारा पक्ष अजून तरी दिसलेला नाही.