परप्रांतस्थ मराठी श्रोता आणि आकाशवाणी

स्वदेशाबाहेर गेलेल्या आपल्या माणसांशी राज्यसंस्थेने नित्य बोलत राहावे, ही गोष्ट ज्यांनी मनावर घेतली त्यांत व्हिएतनामसारखा, युद्धांनी पिळून निघालेला देशही आहे, याची आपल्याकडे फारशी दखल कोणी घेत नाही. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि अवघ्या पाच दिवसांनी, म्हणजे ७ सप्टेंबरला, तेथील राष्ट्रीय नभोवाणी सुरू झाली. पुढे फ्रान्सपासून अमेरिकेपर्यंत जे लक्षावधी व्हिएतनामी पांगले, त्यांच्यासाठी त्यांच्याच भाषेत आणि त्यांनाच उद्देशून तिने स्वतंत्र प्रसारण चालविले. हे प्रसारण सरकारी आहे, त्यात सरकारची आरती ओवाळली जाते, आणि १९७५ नंतर नेसत्या वस्त्रानिशी देश सोडलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांनी त्या आवाजाकडे संशयानेच पाहिले, हे सारे मान्य केले तरी एवढे शिल्लक राहतेच की, आपली माणसे कोठकोठे आहेत याची नोंद त्या सरकारच्या दफ्तरी आहे, आणि दिवसातील काही वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवावा असे तेथील कोणा अधिकाऱ्यास कधीतरी वाटले.

छत्तीसगडातील भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाला या गोष्टीचा हेवा वाटला तर त्यात नवल नाही. भिलाई काही परदेश नाही. शेजारच्या दुर्गाहून नागपूर आगगाडीने अडीचशे किलोमीटरांच्या जरा पलीकडे, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचावे इतकेच दूर आहे. तरीसुद्धा महाराष्ट्रातील आकाशवाणी केंद्रांनी सीमेबाहेरच्या मराठी माणसाशी मुद्दाम, त्याला समोर धरून असा संवाद मांडल्याचे निदान आम्हा भिलाईकरांच्या अनुभवास आले नाही. जो काही संवाद झाला तो अपघाताने, विद्युच्चुंबकीय लहरींना राज्यपुनर्रचनेचा निवाडा वाचता येत नाही म्हणून झाला.

या मुलखाचा आणि नागपूरचा संबंध आजकालचा नाही. १७४१ साली रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरासच ठाणे देऊन राहिले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तोवर छत्तीसगडचा वसूल आणि फडणिशी बहुतांशी नागपूरच्या दरबाराशी बांधलेली होती. त्या कारभाराबरोबर आलेली मराठी घराणी रायपूर-बिलासपुराच्या मातीत केव्हाच मुरून गेली. इंग्रजी अमदानीतील मध्यप्रांताची आणि स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्यप्रदेशाचीही राजधानी नागपूरच. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा दुर्ग-रायपूरचा श्रोता त्या केंद्राच्या दृष्टीने घरचाच होता. इतकेच काय, भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हाही दुर्ग जिल्ह्याचे सरकारी कागद नागपूरच्या सचिवालयातच जात होते. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला, नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग नव्या मध्यप्रदेशात राहिले, आणि आदल्या दिवशीपर्यंत घरचा असलेला श्रोता, जागचा तसूभरही न हलता, बाहेरचा झाला.

त्यानंतर प्लांट उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्या सुमारास नागपूर, भंडारा, अमरावती या बाजूंची तरणी मंडळी फिटर, वेल्डर, ड्राफ्ट्समन, कारकून, शिक्षक म्हणून येथे येऊ लागली. सेक्टरांतील क्वार्टरमध्ये लोखंडी ट्रंक आणि वळकटी यांच्यामागोमाग जी पहिली चैनीची वस्तू आली ती रेडिओ. टपाल कचेरीतून त्याचा परवाना काढावा लागे आणि दर वर्षी शुल्क भरून तो पुन्हा मान्य करून घ्यावा लागे. मात्र कोणत्या प्रांताचे केंद्र ऐकावे याविषयी त्या परवान्यात काही हुकूम नसे, हे आमचे भाग्य. रायपूरचे केंद्र १९६३ मध्ये निघाले. त्याच्या ‘चौपाल’ कार्यक्रमाने छत्तीसगडी बोलीला जी प्रतिष्ठा दिली ती थोर आहे, आणि आमच्या घरांतूनही ती चौपाल आवडीने ऐकली गेली. परंतु मराठीसाठी रेडिओचा काटा डावीकडे, पट्टीच्या टोकाशी, ५८५ किलोहर्ट्झवर न्यावा लागे.

नागपूरचा आवाज येथवर कसा येई, हे सांगण्यासारखे आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, आणि कंपनसंख्या जितकी कमी तितकी ही भूलहर दूरवर तग धरते. नागपूरची कंपनसंख्या पट्टीवरच्या सर्वांत खालच्या संख्यांपैकी, आणि पुढे प्रक्षेपकाची शक्ती ३०० किलोवॅटपर्यंत गेलेली, त्यामुळे गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ओलांडून ती लहर थकत-भागत का होईना भिलाईला पोहोचे. सूर्यप्रकाशात आयनांबराचा जो खालचा थर तयार होतो तो वर जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याच लहरी अधिक उंचीवरच्या थरांवरून परतून शेकडो कोसांवर उतरतात. म्हणून दिवेलागणीनंतर नागपूर एकदम जवळ आल्यासारखे वाटे, मात्र बातम्यांच्या ऐन मध्यावर आवाज बुडून पुन्हा वर येई. ट्रान्झिस्टर घरोघर आले तेव्हा आणखी एक शास्त्र बायकामुलांना अवगत झाले. त्या संचात फेराइटची एक कांडी आडवी असते. तिची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज भरतो आणि टोक केंद्राकडे वळले की बसतो. नागपूर आमच्या पश्चिमेला, तेव्हा संच दक्षिणोत्तर ठेवणे भाग; आमच्या मातोश्रींनी खिडकीच्या कट्ट्यावर त्यासाठी खडूने रेघ मारली होती आणि ती पुसली गेली की पुन्हा मारीत. शेजारच्या क्वार्टरमध्ये कोणी ट्यूबलाइट लावली की सारे शास्त्र खरखरीत बुडे, आणि शेजाऱ्याला काही सांगायला जावे तर तो बिचारा रातपाळीला निघालेला असे.

इतक्या खटपटीने जे ऐकले त्याचे मोल काय? गाणी ऐकली, नाट्यसंगीत ऐकले, श्रुतिका ऐकल्या, हे तर झालेच. पण माझ्या मते खरा लाभ निराळ्या ठिकाणी होता. परप्रांतातील घरात मातृभाषा टिकते ती स्वयंपाकघराएवढी टिकते: वाढ, ये, बस, भाजी निवड, अभ्यास कर. अधिवेशन, विधेयक, पर्जन्यमान, रब्बीचा पेरा, दुःखद निधन, पदवीदान समारंभ हे शब्द भिलाईतील कोणती आई आपल्या मुलापाशी उच्चारणार? शाळा हिंदी किंवा इंग्रजी, बाजार हिंदी, प्लांटमधील सूचनाफलक हिंदी-इंग्रजी. मराठी ही चार भिंतींच्या बाहेरही चालणारी, शासन चालविणारी, वाद घालणारी, हवामान सांगणारी भाषा आहे, याचा पुरावा रोज ठरलेल्या वेळी आमच्या घरी येत असे तो त्या आवाजातून. मराठी नभोवाणीचे ऐश्वर्यही तेव्हा मोठे. भिलाईच्या करारानंतर दोनच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर छप्पन्न गीतांनी महाराष्ट्राचे सप्ताह मोजले गेले; नभोवाणीसाठीच म्हणून निर्माण झालेली आणि एवढी टिकलेली कलाकृती कोणत्याही भाषेत विरळाच. अशा काळात ज्यांचे कान घडले, त्यांची मराठी भिलाईतही निखळ राहिली. त्यांच्या नातवंडांची तशी राहिलेली नाही, आणि त्याचा दोष मी नातवंडांना देणार नाही.

तरीही हे सारे ऐकणे भिंतीपलीकडचे संभाषण कानी पडावे तसे होते. निवेदक ज्या ‘श्रोतेहो’ला साद घालीत असे तो श्रोता विदर्भातला, पाऊस सांगितला जाई तो वर्ध्याचा आणि यवतमाळचा, बाजारभाव नागपुरातल्या कळमना बाजाराचे. आमची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण नागपूर केंद्राने नागपूरचेच पाहावे हे रास्त. पण संबोधित होण्याचा अनुभव निराळा असतो, आणि मराठीला तो देता येत नाही असेही नाही. महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, लंडनच्या बीबीसीने मराठीत प्रसारण चालविले आणि मधल्या थोड्या खंडाचा अपवाद सोडता ते १९५८ पर्यंत टिकविले. कोल्हापूरच्या वेणू चितळे तेथे काम करीत, जॉर्ज ऑर्वेल त्यांचे सहकारी होते, आणि ऑर्वेलने लिहिलेली युद्धवृत्ते मराठीत रूपांतरित होऊन महाराष्ट्राकडे येत. साम्राज्याचा तो स्वार्थ होता, हे उघड आहे. आकाशवाणीनेही १ ऑक्टोबर १९३९ रोजी पुश्तूपासून आपली परदेशसेवा आरंभिली, आणि पुढे पूर्व आफ्रिकेतील भारतीयांसाठी गुजरातीत, आग्नेय आशियासाठी तमिळमध्ये बोलण्याची तजवीज केली. मॉरिशसचे नभोवाणी महामंडळ तेथील मराठी समाजासाठी मराठी कार्यक्रम आजही करते. लंडनला मराठी श्रोता दिसला, मॉरिशसला दिसतो, मग बेळगावच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या, भिलाईच्या मराठी श्रोत्याची नोंद मुंबई-नागपूरच्या वहीत का नसावी?

आता तर तो अपघाती आधारही सुटत चालला आहे. नागपुरातच एक हजार किलोवॅटचा प्रचंड प्रक्षेपक १५६६ किलोहर्ट्झवर उभा होता आणि १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर त्यावरून देशभर ऐकू येई. ती वाहिनी बंद करण्याचा हुकूम २०१८ च्या अखेरीस निघाला. मध्यम लहरींचे दिवस सरले, यापुढे एफएम, असे धोरण ठिकठिकाणी अमलात येत आहे. एफएमचा आवाज स्वच्छ असतो यात शंका नाही. पण ती लहर दृष्टिरेषेत चालते, पन्नास-साठ किलोमीटरांनी धाप टाकते, आणि नागपूरचे एफएम जिल्ह्याची वेस ओलांडण्यापूर्वीच संपते. जुन्या लहरीला सीमा ठाऊक नव्हती, नव्या लहरीला फक्त सीमाच ठाऊक आहे.

यावर उत्तर तयार असते: मोबाइल आहे, आकाशवाणीचे अ‍ॅप आहे, त्यावर देशातील दोनशेहून अधिक केंद्रे फुकट ऐकता येतात, मग हे रडगाणे कशाला? उत्तर अर्धे खरे आहे. मी स्वतः ते अ‍ॅप वापरतो, आणि नागपूर केंद्र आता दक्षिणोत्तर रेघेवाचून, बुडण्याखरखरण्यावाचून ऐकू येते, हा आनंद लहान नाही. परंतु अ‍ॅपमध्ये नागपूर शोधायला आधी नागपूर हवेसे वाटावे लागते. रेडिओ बैठकीत लागलेला असे आणि ज्याला हवेसे वाटत नव्हते त्या पोराच्याही कानावर मराठी पडत असे. मोबाइल ज्याचा त्याच्या कानाशी असतो, आणि सोळा वर्षांचा मुलगा आपल्या कानाशी नागपूरचे प्रादेशिक बातमीपत्र लावील ही आशा मी तरी धरत नाही. अडचण पोहोचण्याची होती ती यंत्राने सोडविली. त्या मुलाने ऐकावे असे त्यात काय आहे, त्यात त्याचे गाव, त्याच्या वयाचा आवाज, त्याच्या हिंदीमिश्रित मराठीची थट्टा न करणारा निवेदक आहे काय, हा प्रश्न यंत्राचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. छत्तीसगडात राहून महाराष्ट्राकडे कान लावून बसणे ही फुटीर वृत्ती नाही काय? माझे उत्तर इतकेच की, ज्या माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढून हिंदी पत्रकारितेचा येथे पाया घातला ते मराठी घरातले होते. या मुलखाशी मराठी माणसाची निष्ठा सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. भिलाई तर अशी की, एका रस्त्यावर तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी आणि छत्तीसगडी घरे लागून आहेत, आणि प्रत्येकाच्या ओटीवर एके काळी निरनिराळे केंद्र लागलेले असे. त्यामुळे कोणाचे बिनसल्याचे स्मरत नाही.

तेव्हा मागणे मोठे नाही. नवे केंद्र नको, नवी वाहिनी नको, इमारत तर नकोच. नागपूर केंद्राने आठवड्यातून अर्धा तास महाराष्ट्राबाहेरच्या मराठी श्रोत्यांसाठी राखावा. मंत्र्यांच्या दौऱ्यांची जंत्री त्यात नसावी, परप्रांतांतील मंडळांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित करून पाठविलेले असावे, आणि पत्रोत्तराला भरपूर जागा असावी, कारण आपले पत्र वाचले गेले यासारखी दुसरी पोच नाही. मुंबई, पुणे आणि सांगली केंद्रांनी तो कार्यक्रम सहक्षेपित करावा, म्हणजे महाराष्ट्रालाही कळेल की ही माणसे काय बोलतात. ५८५ किलोहर्ट्झवरचे नागपूरचे मध्यम लहरींचे प्रसारण मोडीत काढण्याचा विचार कोणाच्या टेबलावर आला, तर त्या फायलीत गोंदियाच्या पूर्वेकडील श्रोत्यांचा एक कागद असलाच पाहिजे.

तो कागद आपोआप तयार होणार नाही. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, रायपूर आणि बिलासपूर येथील मराठी मंडळांनी येत्या गणेशोत्सवात मंडपात एक टेबल मांडून सह्या गोळा कराव्यात, प्रत्येक सहीपुढे श्रोत्याने आपले वय आणि काय ऐकावेसे वाटते ते दोन ओळींत लिहावे, आणि तो अर्ज नागपूर केंद्राच्या संचालकांकडे व त्याची प्रत दिल्लीस प्रसार भारतीकडे पोहोचदेय टपालाने पाठवावी.