मझगान, खिडकी आणि आजीची गोधडी



तम्मूज सरत आला, बिरड्याचा सण जवळ आला की आपल्या घराघरांतून रात्री एकच वाद ऐकू येतो. नातू म्हणतो, "आजी, मझगान बंद करू नकोस ना, उकडतं!" आजी म्हणते, "अरे, बाहेर बघ कसा गार वारा सुटलाय. आणि आपण आत गोधडी पांघरून विजेचं बिल भरतोय!" रिमोट कुणाच्या उशाखाली आहे त्यावर निकाल लागतो. आम्हाला विचाराल तर दोघांचंही खरं आहे. फक्त घर कुठल्या गावात आहे आणि रात्रीचे किती वाजलेत, एवढं आधी विचारायला हवं.

बेर शेवा, दिमोना, येरुहाम ही आपल्या लोकांची गावं नेगेवच्या वाळवंटात. तिथे आवमध्ये दुपारी पारा 33-34 अंशांवर जातो, पण पहाटे 20-21 पर्यंत उतरतो. मुलांनो, असं का होतं ठाऊक आहे? हवेतली वाफ ही जमिनीवरच्या पांघरुणासारखी असते. वाळवंटात हे पांघरूण विरळ, आकाश मोकळं. म्हणून दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब भराभर वर सोडून देते. अश्दोद समुद्रकाठी, तिथलं पांघरूण जाड. ऑगस्टच्या रात्री तिथे पारा 24-25 च्या खाली सहसा जात नाही, वर अंग चिकचिकतं ते वेगळंच. आजी-आजोबांना एका वाक्यात सांगायचं तर अश्दोद म्हणजे आपलं अलिबाग आणि दिमोना म्हणजे घाटावरचं गाव. ओल्या वाळ्याचा पडदा घाटावर गारवा देतो, कोकणात नुसता कुबट वास! पाण्यावर चालणारा कूलर बेर शेवात उपयोगी आणि अश्दोदमध्ये निरुपयोगी, त्याचंही कारण हेच.

मग नेगेवमधल्या नातवाला रात्री नऊला उकडतं ते का? तर भिंतींमुळे. आपली घरं काँक्रीटची. दिवसभर खाल्लेलं ऊन भिंती आणि गच्ची रात्री परत देतात. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नकोच. बाहेर गार झालं तरी आत दोन-तीन तास गरमच राहतं. म्हणजे नऊला नातू बरोबर, बाराला आजी बरोबर.

मुलांनो, आजीला मदत करायची असेल तर एक साधा थर्मामीटर खिडकीबाहेर आणि एक खोलीत टांगा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा दोन-तीन अंशांनी उतरला की मझगान बंद करून समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडायच्या. एकच उघडून भागत नाही, वाऱ्याला आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. जाळी मात्र हवी, नाहीतर डास. तळमजल्यावर गज नसतील तर सगळं सताड उघडं टाकून झोपू नये. मामादच्या लोखंडी खिडकीबाबत पिकुद हाओरेफच्या त्या त्या दिवसांच्या सूचना पाळाव्यात. सकाळी ऊन चढण्याआधी खिडक्या लावून त्रिस खाली ओढले की रात्रीचा गारवा दुपारपर्यंत पुरतो.

आता आजी-आजोबांशी थोडं बोलायचं आहे, आणि हे जास्त महत्त्वाचं. आपल्यात काही जण असे आहेत की मझगान फक्त पाहुणे आले की लावतात. "आम्ही पत्र्याच्या झोपड्यांत दिवस काढले, आम्हाला काय होतंय!" हे आम्हीही ऐकलेलं आहे. पण तेव्हा तुम्ही तिशीत होता. वय झालं की घाम कमी येतो, तहान उशिरा कळते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या अंगातलं पाणी आणखी कमी करतात. शरावच्या रात्री वाळवंटातही पारा उतरत नाही. खोलीतली हवाच 35 अंशांच्या वर असेल तर पंखा गरम वाराच अंगावर टाकतो. अशा रात्री बिलाचा विचार करू नका. 25-26 अंशांवर लावा, झोत पलंगावर येणार नाही असा वळवा, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. 16 वर लावल्याने भिंती लवकर निवत नाहीत, पहाटे तेवढे सांधे धरतात. चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट न बघता 101 फिरवा. आणि मुला-सुनांनो, शरावच्या रात्री झोपण्याआधी एक फोन करा. "आई, मझगान लावलास का?" एवढंच विचारा.

राहिली शब्बाथची रात्र. शुक्रवारी दिवे लागल्यावर बटणाला हात लावायचा नाही, म्हणून बऱ्याच घरांत मझगान शनिवार संध्याकाळपर्यंत चालूच राहतो. किद्दुशच्या वेळी बरा वाटतो, पहाटे सगळे कुडकुडत उठतात. शब्बाथच्या घड्याळाने हे टळतं, पण बाजारातलं छोटं घड्याळ प्लगमध्ये खोचून त्यावर मोठा मझगान चालवू नये. ते तापतं, जळतंसुद्धा. इलेक्ट्रिशियनकडून जड कामाचं बसवून घ्यावं. शिवाय वीज गेली आणि परत आली की काही मझगान आपोआप सुरू होत नाहीत. त्यामुळे आधी एखाद्या मंगळवारी वगैरे करून बघा. आमच्या मते नेगेवात रात्री एकला बंद, सकाळी दहाला सुरू ही वेळ बहुतेक घरांना मानवेल. पण शरावचा अंदाज असेल त्या शुक्रवारी घड्याळ काढून ठेवा आणि मझगान रात्रभर चालू द्या.

एलूल लागला की पहाटे सलिहोतला जाताना अंगावर शाल लागते. तोपर्यंत जाळ्या मात्र धुऊन घ्या, मझगानची आणि खिडकीचीही.