ऑटोस्विच कोणाच्या तासाला?

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपल्याकडे बापाने लिहिला, मुलाने लिहिला, आता नातू लिहितोय. दोन्ही बाजू मांडायच्या आणि शेवटी ‘सारे वापरणाऱ्यावर अवलंबून’ म्हणत मोकळं व्हायचं. यंत्र जणू आभाळातून पडतं! माझं ऐकाल तर हा निबंध बंद करा आणि त्या तासाला शेतपंपाचा ऑटोस्विच वर्गात आणून ठेवा.

गावाकडच्या मुलांना तो काय, हे सांगावं लागणार नाही. शेतीला थ्री फेज वीज आठ-दहा तास, तीही काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मध्यरात्री लाइट आली की साप-विंचवातून, बिबट्याच्या धास्तीत मोटर चालू करायला विहिरीवर कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, मालक अंथरुणात. पण एका फीडरवरच्या, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरच्या, सगळ्यांनीच तो बसवला, की लाइट येताक्षणी साऱ्या मोटरी एकदम उचलतात, भार पेलवत नाही आणि डीपी, म्हणजे रोहित्र, जळते. मग कार्यालयात खेपा घाला. तोवर उभं पीक वाळतं. महावितरण म्हणते, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. शेतकरी म्हणतो, दिवसा वीज द्या, मग हा हवाय कोणाला? २०१७ मध्ये आलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेमागे हीच जुनी मागणी आहे.

आता मुलांना विचारा : डीपी कोणी जाळली? स्विचने, शेजाऱ्याने, की वेळापत्रक आखणाऱ्याने? स्विच नसेल त्या घरातून रात्री पाणी धरायला कोण जातं?

इतिहासाच्या शिक्षकांनाही इथे काम आहे. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि दिवस मावळला तरी माग थांबेनात. कामाचे तास वाढले, ओरड झाली. अखेर १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांनाही १२ तासांची मर्यादा मिळाली. बाराच तास, पण मर्यादा तरी.

अडचण वेळापत्रकाची. विज्ञानाचा तास वेगळा, इतिहासाचा वेगळा, आणि ऑटोस्विच दोघांच्या मधल्या सुट्टीत पडतो. दोन तास जोडून घ्या, जमलं तर गावच्या लाइनमनला बोलवा. त्याला दोन्ही बाजूंच्या शिव्या पाठ असतात. राहिला गुणांचा प्रश्न. प्रत्येक फीडरचं उत्तर निराळं, त्यामुळे गाइडवाल्यांची तेवढी पंचाईत होईल.