शब्दांवाचून शोक

दरवर्षी 29 जानेवारीच्या सायंकाळी दिल्लीच्या विजय चौकात सेनादलांची बँडपथके एकत्र येऊन वादन करितात. सूर्यास्ताबरोबर युद्ध थांबवून सैन्याने छावणीत परतावे, ह्या जुन्या लष्करी रिवाजाचे ते स्मरण होय. आमच्या घरी हा सोहळा दूरचित्रवाणीवर सर्वांनी मिळून पाहण्याचा परिपाठ आहे. 2022 साली त्यात एक फेरफार झाला. वर्षानुवर्षे वाजणारे ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती स्तोत्र वगळण्यात आले व ‘ऐ मेरे वतन के लोगों’ ह्या गीताची धून बँडवर वाजली. त्यावरून आमच्या दिवाणखान्यात दोन तट पडले. थोरले बंधू म्हणाले, “महात्माजींना प्रिय असलेले स्तोत्र काढावयास नको होते.” पुतण्याचे म्हणणे असे की, “दादाकाका, आपल्या जवानांसाठी आपलेच गाणे हवे.”

वाद रंगात आला असता माझे लक्ष धाकट्या काकूंकडे गेले. त्यांचा पाठचा भाऊ 1962 च्या हिवाळ्यात हिमालयात कामी आला. तेव्हापासून हे गाणे कोठे लागले की काकू उठून माजघरात जात. त्यांच्यासमोर ते लावू नये, हा आमच्या घरचा अलिखित नियमच होता. त्या सायंकाळी मात्र काकू जागच्या हलल्या नाहीत. डोळे मिटून त्यांनी अखेरपर्यंत ऐकिले.

ह्या गीताचा इतिहास तरुण वाचकांस ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने आक्रमण केले. 18 नोव्हेंबर रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग व त्यांच्या कंपनीतील शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले. अशा वार्तांनी देश व्याकुळ झाला असता कवी प्रदीप ह्यांनी हे गीत लिहिले. त्यास चाल दिली ती आपल्या सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर ह्यांनी. नगर जिल्ह्यातील पुणतांबे हे त्यांचे जन्मगाव. ‘अलबेला’सारख्या चित्रपटांतील त्यांच्या नाचऱ्या चालींवर ज्यांनी ठेका धरिला, त्यांस हा करुण स्वर त्याच हातचा आहे हे खरे वाटू नये! 1963 च्या जानेवारीअखेर दिल्लीत लता मंगेशकर ह्यांनी ते गाइले, तेव्हा पंडित नेहरूंचे डोळे पाणावले.

गळ्यासाठी बांधिलेली चाल बँडवर चढविणे हे सोपे काम नव्हे. कंठास मींड सहज साधते. क्लॅरिनेट वा कॉर्नेट ह्यांस ती तितकी सुलभ नाही. ट्रॉम्बोनची नळी मागेपुढे सरकते, म्हणून त्यास स्वरावरून स्वरावर घसरत जाता येते. शिवाय फुंकणाऱ्याचा श्वास मोजका असतो. लांब स्वर अखंड राहावा म्हणून वादक आळीपाळीने दम घेतात. एकाने थांबावे व शेजाऱ्याने तोच स्वर धरून ठेवावा. एकाची उणीव दुसऱ्याने अशी भरून काढावी की ऐकणाऱ्यास खंड जाणवू नये. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस ह्याहून अधिक काय सांगावे?

परंतु सर्वांत मोठा फरक हा की, बँडवर शब्द राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी भीतभीतच विचारिले, “काकू, काल तुम्ही बसून राहिलात?” त्या म्हणाल्या, “अरे, गाण्यात सारे सांगतात रे, कोण कसा पडला ते. मला ते ऐकवत नाही. काल कोणी काही सांगत नव्हते. माझी मी आठवत होते त्याला.”

मी आयुष्यभर मुलांस करुणरसाची व्याख्या पाठ करविली. तिचा अर्थ असा उशिरा कळला. आमच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर होय, असे मत महामहोपाध्याय मिराशी ह्यांनी मांडिले आहे. करुण हा एकच रस निमित्तभेदाने निरनिराळी रूपे घेतो, असे ‘उत्तररामचरिता’त ह्या कवीने म्हणविले आहे. शब्दांतील शोक हा कोणा एकाचा असतो. शब्द गळले की तोच शोक ज्याचा त्याचा होतो.

ह्या दृष्टीने पाहता आमच्या घरातील वादाचेही उत्तर मिळते. ‘अबाइड विथ मी’ हे स्तोत्र हेन्री लाइट नामक धर्मोपदेशकाने 1847 साली, आपले मरण जवळ आले असता रचिले. त्याची प्रचलित चाल मंकने 1861 मध्ये बांधिली. विजय चौकात तेही शब्दांवाचूनच वाजत असे, आणि त्यातही कित्येक मातांनी आपापला मुलगा आठविला असेल. नवे आले ह्याचा आनंद मानावा. त्यासाठी जुन्यास निरोप देणे मला आवश्यक वाटत नाही. शोकाच्या घरी पाहुण्यांची दाटी होत नसते.

आता 29 जानेवारीस आमच्याकडे वाद होत नाही. ती धून सुरू झाली की पुतण्या आवाज किंचित वाढवितो, आणि काकूंच्या शेजारची जागा कोणी ना कोणी न बोलता भरून काढितो.