वेष्टनावरून पुसलेले गांधीजी

ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन म्हणजे तबकडीला धूळ लागू नये म्हणून घातलेला पुठ्ठा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी बीटल्सच्या १९६७ मधील 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'चे वेष्टन निरखून पाहावे. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी रचलेल्या या चित्रात बँडवाल्यांच्या भडक गणवेशात चौघे कलावंत उभे आहेत. शेजारी त्यांचेच, जुन्या गडद सुटांतील मेणाचे पुतळे आहेत आणि पुढ्यात ताज्या थडग्यावर असावीत तशी फुले. कालच्या कीर्तीचा अंत्यविधी तिचे धनीच उरकीत आहेत, हा अर्थ तबकडीवर सुई टेकण्यापूर्वीच पाहणाऱ्याला भिडतो.

मागे नामवंतांच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या आकृत्यांची दाटी आहे. तीत गांधीजीही होते. परंतु भारतीयांच्या भावना दुखावतील, या धास्तीने ईएमआय कंपनीचे अध्यक्ष जोसेफ लॉकवुड यांनी त्यांची प्रतिमा काढावयास लावली. परमहंस योगानंद मात्र राहिले. चित्राचा अर्थ कलावंताइतकाच विक्रेताही ठरवीत असतो, याचा याहून उघड पुरावा कोणता?

बारा इंची तबकडीच्या वेष्टनावर असे चेहरे न्याहाळता येत. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तेच चित्र टपाल तिकिटाएवढे होते. गाळलेला चेहरा दूरच, असलेलाही ओळखू येत नाही. कवितेच्या दोन ओळींमधला अर्थ शोधावयास लावणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी चित्रातील मोकळी जागाही वाचावयास शिकविले पाहिजे.