प्रवाळाला नळाचं पाणी का चालत नाही?

दोस्तांनो, नळाचं पाणी आपण पितो. घरातल्या गप्पी माशांनाही तेच घालतो. पण अमेरिकेत आणि युरोपात काही हौशी मंडळी घरच्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवतात. ती मात्र नळाच्या पाण्यातलं जवळजवळ सगळं आधी काढून टाकतात आणि मग त्यात मीठ कालवतात! आधी काढायचं आणि मग पुन्हा घालायचं, हा कसला द्राविडी प्राणायाम?

पाणी तापवायच्या बंबात साचलेला पांढरा थर पाहिलाय ना? पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा तो पुरावा. शिवाय नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरीन असतं. थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट असू शकतं, आणि नळ तांब्या-पितळेचे असले तर किंचित तांबंही. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण प्रवाळ म्हणजे चिमुकले समुद्री प्राणी. फॉस्फेट वाढलं की टाकीत शेवाळ माजतं आणि प्रवाळांना आपला चुन्याचा सांगाडा बांधणं जड जातं.

तांब्याची गंमत तर औरच आहे. कोळंबीच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं, तांबं असतं. म्हणजे तांबं तिला हवंच. पण पाण्यात ते थोडं जास्त झालं, की तीच कोळंबी मरते आणि प्रवाळही! अति तिथे माती म्हणतात ते असं. अशी अगदी कणभर लागणारी जी द्रव्यं, त्यांना म्हणतात सूक्ष्म मूलद्रव्यं.

म्हणून पाणी आधी आर.ओ.च्या बारीक पडद्यातून दाबून काढतात. तरीही जे क्षार निसटतात, ते रेझिनचे मणी पकडतात. आता क्षार मोजायचा मीटर दाखवतो शून्य! पण मग सूक्ष्म मूलद्रव्यंही गेलीच की. ती कुठून आणायची?

ती येतात मिठातून. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे बरं का! समुद्रात जे आणि जेवढं असतं, त्याच्या जवळपास जाईल असं हे खास मिश्रण असतं. समुद्राच्या १ किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४०० च्या आसपास, स्ट्रॉन्शियम ८ आणि आयोडीन फक्त ०.०६! म्हणजे १०,००० लिटरचे १० टँकर भरले, तर त्यात आयोडीन जेमतेम ६ ग्रॅम. पाटी आधीच गिचमिड असेल, तर इतकं बारीक लिहिणार कुठे? म्हणून आधी पाटी कोरी करायची.

पुढे प्रवाळ वाढतात, तशी ही द्रव्यं संपत जातात. मग अधूनमधून थोडं पाणी बदलून नवं खारं पाणी घालतात. पण टाकीतलं पाणी उडून गेलं असेल, तर मात्र बिनमिठाचं शुद्ध पाणीच घालायचं. कारण वाफ होते ती पाण्याची. मीठ तिथेच राहतं!

हे तुम्हीही पाहू शकता. काचेच्या दोन स्वच्छ तुकड्यांवर ड्रॉपरने चार-चार थेंब टाका. एकावर नळाचं पाणी, दुसऱ्यावर बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी (ते पिऊ मात्र नका). काचेच्या कडा जपा, आणि उन्हात वाळू द्या. डाग कुठे उरतो आणि कुठे नाही, ते वहीत लिहून ठेवा.

आणि एक ध्यानात ठेवा. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या प्रवाळांना संरक्षण दिलंय. तिथून प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला असला तरी, उचलून आणायचा नाही. टाकीत समुद्र तयार करायला माणसाला केवढी यातायात करावी लागते, ते आत्ताच पाहिलंत ना? मालवणला तो आयता आहे. तो तेवढा घाण होऊ द्यायचा नाही, एवढंच आपलं काम.

आता एक कोडं. १०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडतं. समजा, त्याजागी रोज लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असलेलं नळाचं पाणी घातलं, तर वर्षभरात टाकीत किती ग्रॅम जादा क्षार साठतील? उत्तर पुढच्या अंकात!